जुन्या गाडीने गावी जाताना

पोटापाण्यासाठी दूर गेलेल्या माणसाचे मन वर्षातून एकदा तरी गावाकडे ओढ घेतेच. बडोदे असो, बंगळूर असो की दिल्ली असो, श्रावण सरत आला म्हणजे मराठी घरांतून गणपतीला गावी कसे जायचे याची बोलणी सुरू होतात. आमचे घरही त्यास अपवाद नाही. नोकरीच्या निमित्ताने आम्ही इंदुरास राहतो. आमचे मूळ घर सावंतवाडीजवळच्या एका खेड्यात आहे. मध्ये सुमारे एक हजार किलोमीटरची वाट आहे.

आजवर हा प्रवास आम्ही रेल्वेने करीत आलो. परंतु आईच्या दोन्ही गुडघ्यांनी अलीकडे तिची साथ सोडली. डब्याच्या उंच पायऱ्या चढणे, पुण्यास उतरून दुसरी गाडी गाठणे, फलाटाचे जिने चढणे-उतरणे हे तिला अशक्यप्राय झाले. लागोपाठ दोन वर्षे गावच्या घरात गणपती बसले आणि आईने त्यांना इंदुरातूनच हात जोडले. तिसऱ्या वर्षी आषाढातच ती म्हणाली, “यंदा माका घराक व्हर रे.” इंदुरात चाळीस वर्षे काढलेली आई मालवणीत बोलते तेव्हा ती काही मनापासून मागत असते, हे आम्हांस ठाऊक आहे. वय शहात्तर. पुढच्या वर्षी नेऊ, असे म्हणण्याचा धीर मला झाला नाही.

भाड्याची मोटार जाऊन-येऊन आणि तेथील मुक्कामासह परवडणारी नव्हती. नवी घेणे तर स्वप्नातही नव्हते. शेवटी अकरा वर्षे वापरलेली, एक लाख चाळीस हजार किलोमीटर धावलेली, सात माणसांची, उंच बांध्याची एक डिझेल मोटार आम्ही विकत घेतली. आजकाल अशा गाडीस एस.यू.व्ही. म्हणतात, आमच्या गावी मात्र तिला अजून ‘जीप’च म्हणतात. त्याला कारणही आहे. १९४७ साली महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीप जुळविण्यास प्रारंभ केला आणि त्या नावाने आपल्या भाषेत कायमचे घर केले. पुढे १९९४ साली टाटांची सुमो, २००० साली बोलेरो आणि २००२ साली स्कॉर्पिओ रस्त्यावर आली. यांपैकी कितीतरी गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आजही कुटुंबे वाहून नेत आहेत. गाडी जुनी असणे हा दोष नव्हे. तिच्यात काय जुने झाले आहे हे मालकास ठाऊक नसणे, हा खरा धोका होय.

हा धडा आम्ही कसा शिकलो, तो येथे सांगतो. अशाच तयारीत असलेल्या एखाद्या वाचकास त्याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

लिहिलेले नाही ते झालेले नाही

घराजवळच एक वयस्क मिस्त्री आहेत. सारी गल्ली त्यांना ‘उस्ताद’ म्हणते. गाडी त्यांच्यापुढे उभी केली तेव्हा त्यांनी झाकण उघडण्यापूर्वीच विचारले, “हिच्यात आजवर काय काय बदलले आहे?” मी आदल्या मालकाचे शब्द सांगितले, “सगळे ठीक आहे म्हणाले.” उस्ताद हसले. “तोंडचे नको. वही आहे का?” वही नव्हती.

तेव्हा त्यांनी जो नियम सांगितला, तो जुने वाहन घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा: ज्या कामाची नोंद नाही, ते झालेले नाही असे समजावे. इंजिनाचे तेल, तेलाचा आणि हवेचा फिल्टर, डिझेलचा फिल्टर, गियरपेटीचे आणि मागील आसाच्या डिफरन्शियलचे तेल, ही सारी त्यांनी एकदम बदलावयास सांगितली. त्याच दिवशी पत्नीने एक वही घातली आणि पहिल्या पानावर तारीख, किलोमीटरचा आकडा व केलेले काम लिहिले.

याच नियमात टायमिंग बेल्ट येतो. काही इंजिनांत हे काम साखळी करते, काहींत दातेरी रबरी पट्टा. पट्टा असल्यास उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या किलोमीटरनंतर किंवा वर्षांनंतर तो बदलावाच लागतो. तो बाहेरून दिसत नाही आणि तुटण्यापूर्वी बहुधा सूचनाही देत नाही. धावत्या गाडीत तो तुटला तर झडपा आणि दट्टे एकमेकांवर आदळून इंजिन मोडू शकते. आमच्या गाडीत पट्टाच होता. तो कधी बदलला, हे सांगणारे कोणी नव्हते. अर्थात तो यादीत गेला.

कागदपत्रांचेही असेच. नोंदणीपुस्तक आपल्या नावे झाले आहे काय, विमा जुन्याच मालकाच्या नावे तर नाही ना, धूरतपासणीचे प्रमाणपत्र आणि फास्टॅग चालू आहेत काय, हे निघण्यापूर्वी पाहावे. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यापुढे तपासणी करवून ती वाढवून घ्यावी लागते. गाडी त्या उंबरठ्यावर असेल तर हे काम प्रवासाआधीच उरकावे.

टायरचे वय

आमच्या गाडीचे टायर पाहून मी समाधान पावलो होतो. खाचा खोल होत्या, रबर काळेभोर चकाकत होते. उस्तादांनी खाली बसून टायरच्या बाजूवर बोट ठेवले. तेथे उठावाची अक्षरे असतात, त्यांच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. उदाहरणार्थ, २३१६ म्हणजे २०१६ सालातील तेविसावा आठवडा. आमच्या चारही टायरांना नऊ वर्षे होऊन गेली होती. पाचवा, राखीव, गाडीबरोबरच जन्मलेला होता.

रबर झिजते, तसेच ते म्हातारेही होते. ऊन, उष्णता आणि हवेतील प्राणवायू यांमुळे ते कडक बनते, बाजूंना केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि आतील थरांची एकमेकांवरील पकड सुटू लागते. शहरातल्या शहरात असा टायर वर्षानुवर्षे निभावतो. परंतु भरल्या गाडीने महामार्गावर तासन्‌तास धावताना तो तापतो आणि अशाच वेळी फुटतो. वरून लावलेल्या चकाकीला भुलू नये. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली म्हणजे टायर संपला. हे सांगणाऱ्या छोट्या उंचवट्याच्या खुणा खाचांच्या तळाशीच असतात. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांवरचा टायर, दिसायला कितीही चांगला असला तरी, रस्त्यावर आणू नये, असे अनेक उत्पादक सांगतात. राखीव चाकालाही हाच न्याय.

सत्तर हजारांचा हिशेब

दुरुस्तीसाठी आम्ही सत्तर हजार रुपये बाजूला काढले होते. त्यांतील वीस हजार मी मनोमन रंगासाठी, आसनांच्या नव्या खोळींसाठी आणि गाण्याच्या यंत्रासाठी राखले होते. गावी गाडी दाराशी उभी राहील तेव्हा ती जुनी दिसू नये, हा मोह होता, हे कबूल करावयास हवे.

उस्तादांची यादी आली ती अशी: पाच टायर बत्तीस हजार, टायमिंग बेल्ट त्याच्या पुलींसह नऊ हजार, बॅटरी साडेसहा हजार, ब्रेकचे काम सहा हजार, तेले व फिल्टर साडेपाच हजार, रेडिएटरच्या रबरी नळ्या, पंख्याचा पट्टा व शीतक द्रव चार हजार. एकूण त्रेसष्ट हजार.

रात्री जेवणे झाल्यावर मी पत्नीपुढे तोडगा मांडला. तूर्त दोनच टायर घ्यावेत, बाकीचे दिवाळीनंतर पाहू. तिने हिशेबाचा कागद नीट वाचला आणि विचारले, “मग आई ज्या बाजूला बसणार आहेत, त्या बाजूचे दोन घ्यायचे का?” त्यानंतर रंगाचा विषय घरात निघाला नाही.

ब्रेक आणि घाट

आमच्या वाटेवर घाट अनेक. सेंधव्याच्या पुढे मध्यप्रदेशातून महाराष्ट्रात उतरताना बिजासनचा घाट लागतो. त्याच उताराच्या पायथ्याशी, धुळे जिल्ह्यातील पळासनेर येथे, २०२३च्या जुलैत एक अवजड मालवाहू गाडी इतर वाहनांना धडकून रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसली आणि अनेकांचे प्राण गेले. तिचे ब्रेक निकामी झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. ज्या रस्त्याने आपल्याला मुलेबाळे घेऊन जावयाचे, त्या रस्त्याची ही आठवण विसरता येत नाही.

ब्रेक म्हटले की आपण पॅड झिजले का एवढेच पाहतो. परंतु पायाचा दाब चाकापर्यंत पोहोचवितो तो नळ्यांतील द्रव. हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. डॉट ३ जातीचा ताजा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या द्रवासाठी हीच मर्यादा १४० अंश धरलेली आहे. घाटात सतत ब्रेक दाबून चाके तापली की जुन्या द्रवाची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. पाय तळापर्यंत जातो आणि गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी हा द्रव पूर्णपणे बदलावा. आमच्या गाडीतून निघालेला द्रव चहाच्या रंगाचा होता.

अर्थात नवा द्रव हा बेफिकिरीचा परवाना नव्हे. चढताना जो गियर लागला असता, तोच उतरताना लावावा आणि गाडी इंजिनाच्या आधाराने उतरवावी. डिझेल वाचविण्यासाठी गियर काढून घाट उतरणे म्हणजे सारा भार ब्रेकवर टाकणे होय.

कसोटीचा प्रवास

सारे काम झाले तेव्हा चतुर्थीला पंधरा दिवस होते. उस्ताद म्हणाले, “आता एक दिवस फिरवून आणा. जे मोडायचे ते घराजवळ मोडू द्या.” त्याप्रमाणे एका रविवारी आम्ही सामान, माणसे आणि पाण्याचे डबेही तितकेच भरून महेश्वरला गेलो. महूवरून जाम घाट उतरला की नर्मदेचे खोरे समोर पसरते. हा रस्ता आम्हांस कसोटीसाठी अगदी सोयीचा, कारण जाताना उतार आणि येताना चढ. उतरताना ब्रेकने उत्तम काम दिले. आई अहिल्याबाईंच्या घाटावर, वरच्याच पायरीवर, बराच वेळ नर्मदेकडे पाहत बसली होती.

परतताना चढावर, वातानुकूलन चालू असता, तापमानाचा काटा मध्यभाग सोडून वर सरकू लागला. उस्तादांनी सांगून ठेवले होते त्याप्रमाणे प्रथम वातानुकूलन बंद केले आणि आतील हीटर पूर्ण उघडला. हीटर इंजिनाचीच उष्णता बाहेर काढीत असतो. तेवढ्याने काटा थबकला. रुंद जागा पाहून गाडी कडेला घेतली आणि अर्धा तास तशीच निवू दिली. रेडिएटरचे झाकण उघडण्याचा मोह आवरला, हे फार बरे झाले. तापलेल्या रेडिएटरमध्ये द्रव दाबाखाली असतो. दाबामुळे तो शंभर अंशांवरही उकळत नाही. झाकण काढताच दाब नाहीसा होतो आणि उकळता द्रव तोंडावर उसळतो. कित्येकांचे हात-चेहरे असे भाजले आहेत.

घरी आल्यावर दोष सापडला. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिनाला थेट जोडलेला नसतो. मध्ये एक कपलिंग असते आणि तिच्यात सिलिकोन जातीचा दाट द्रव असतो. हवा तापली की या द्रवाची पकड बसते आणि पंखा जोराने फिरतो. आमच्या कपलिंगमधील द्रव गळून गेला होता, त्यामुळे पंखा नुसताच रेंगाळत होता. सपाट रस्त्यावर वेगाच्या वाऱ्याने भागत असे. चढावर वेग कमी, वारा कमी आणि श्रम जास्त. तेथे उणीव उघडी पडली. हा दोष गॅरेजात उभ्या गाडीत कळला नसता.

त्या रात्री आई काही बोलली नाही. निजण्यापूर्वी मात्र तिने पत्नीला हळूच विचारले, “आता जाणे राहिले का गो?” तिची पिशवी आठ दिवसांपासून भरून ठेवलेली होती.

कपलिंग परगावाहून यावयास चार दिवस लागले आणि साडेचार हजार रुपये पडले. एकूण खर्च सदुसष्ट हजार पाचशे झाला. त्याच वेळी रेडिएटर धुवून घेतला. आधीच्या मालकाने त्यात साधे नळाचे पाणी घातले असावे, कारण आत क्षारांची पुटे धरली होती. शीतक द्रव आणि शुद्ध केलेले पाणी पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात घालावे. त्याने गंज रोखला जातो आणि उकळण्याचा बिंदूही वर जातो. पुढच्या रविवारी पुन्हा जाम घाट चढलो. या खेपेस काटा मध्यभागाच्या वर गेला नाही. तयारीला निदान महिनाभर आधी लागावे असे आम्ही सांगतो, ते यामुळेच. आमचे चार दिवस कमी पडले असते तर आईला मी काय सांगितले असते?

माणसे किती, सामान किती

जाण्याची वार्ता कळताच इंदुरातील आमच्या एका आप्तांनी आपल्या दोन मुलांना बरोबर नेण्याविषयी सुचविले. गाडी सात जणांची आणि आम्ही पाच. हिशेब बरोबर होता. पण मागील दोन आसने आडवी, समोरासमोर होती आणि त्यांना पट्टे नव्हते. नाही म्हणणे जड गेले. तरी ते म्हटले. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधावा हा नियम आहेच. पट्टा नसलेला माणूस अपघातात स्वतःबरोबर पुढच्याही माणसास इजा करतो. आप्त चार दिवस रुसले होते, नंतर आपणच गणपतीचा प्रसाद विचारावयास आले.

मागे आम्ही सामान ठेवले. जड पेट्या खाली आणि वर दोरीची जाळी ताणून बांधली. टपावर काही ठेवले नाही. उंच गाडीच्या टपावर ओझे चढविले की तिचा तोल वर जातो आणि वळणावर ती अधिक कलते. माणसे व सामान भरल्यावर मागील टायरांत हवाही जास्त लागते. ते आकडे चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेले असतात. हवा टायर थंड असतानाच मोजावी.

राखीव चाकाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. आमच्या गाडीत ते पोटाखाली साखळीने टांगलेले होते. अंगणात सहज काढून पाहू म्हटले, तर चिखलाने आणि गंजाने साखळी अशी बसली होती की तेल सोडून ती हलविण्यास तास लागला. पावसात, रात्री, रस्त्याच्या कडेला हे काम पडले असते तर? मग मुलगा, पत्नी आणि मी अशा तिघांनी पाळीपाळीने एकदा चाक बदलून पाहिले. जॅक, पान्हा, विजेरी, परावर्तक त्रिकोण, जादा फ्यूज, पाच लिटर पाणी आणि औषधाची पेटी एवढे सामान पुरे. महामार्गावरील मदतीचा १०३३ आणि संकटकाळचा ११२ हे क्रमांक पत्नीने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

पावसाळा असल्याने काच पुसण्याच्या रबरी पट्ट्या नव्या घातल्या. एवढ्या साऱ्या यादीत सर्वांत स्वस्त वस्तू ती, पण आंबोलीच्या घाटात तिच्याइतकी मोलाची दुसरी नव्हती.

वाट

पहिल्या दिवशी पहाटे निघालो. खलघाटला नर्मदा ओलांडली, बिजासनचा घाट तिसऱ्या गियरमध्ये सावकाश उतरलो, धुळ्यावरून सायंकाळी उजेडातच नाशिक गाठले. दुसऱ्या दिवशी पुणे आणि साताऱ्यावरून कोल्हापूर. दर दोन तासांनी थांबणे हा नियम आईच्या गुडघ्यांसाठी केला होता, पण त्याचा लाभ चालकासही झाला. प्रत्येक थांब्यावर मुलगा चारही टायरांना पाठमोरा हात लावून पाही. एखादा इतरांहून फार तापलेला असेल तर हवा कमी झाली असावी किंवा ब्रेक घासत असावा, असे उस्तादांनी त्याला शिकविले होते. रोज सकाळी गाडी सपाटीवर उभी असता, इंजिन सुरू करण्यापूर्वी, तेलाची पट्टी काढून पाहणे हे कन्येचे काम.

तिसऱ्या दिवशी संकेश्वर, आजरा करीत आंबोलीस पोहोचलो तो धुके आणि पाऊस. वीस पावलांपुढचे दिसत नव्हते. खालचे दिवे लावून, दुसऱ्या गियरमध्ये, हळूहळू उतरलो. गाडीत कोणी बोलत नव्हते. वळणे संपली, धुके विरले आणि ओल्या मातीचा वास आत आला, तेव्हा आईने काच थोडी खाली करावयास सांगितली.

घराच्या पायवाटेशी गाडी थांबली. शेजारच्या वहिनी तांब्याभर पाणी आणि भाकरीचा तुकडा घेऊन पुढे आल्या. आईवरून तो ओवाळून टाकला. आईने उतरून एक हात वहिनींच्या खांद्यावर ठेवला, दुसरा गाडीच्या तापलेल्या झाकणावर क्षणभर टेकला आणि पायरी चढून ती खळ्यात गेली. रंग गेलेली ती गाडी कोणाच्याच लक्षात आली नाही.

गणपतीचे विसर्जन झाले. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आई माजघरातून म्हणाली, “उद्या जावचा हा. वही काढ आणि तेल बघ.” हजार किलोमीटरची वाट परतीलाही तेवढीच असते, हे आम्ही विसरलो होतो. ती विसरली नव्हती.